दुसरी बाजू ऐकणारा वकील

डहाणू तालुक्यातील सरावलीसारख्या गावातून वनजमीन कसणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याचा वनहक्काचा दावा ग्रामसभेपुढून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो, तेव्हा त्याच्या पाठीशी कायद्यातील एक लहानशी तरतूद उभी असते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सहाव्या कलमात ती आहे. ज्याच्याविरुद्ध निर्णय जाणार, त्याला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज त्याचा अर्ज निकालात काढता येणार नाही, असा तिचा आशय आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. सावकाराची वही आणि जमीनदाराची वेठ यांच्या काळात येथील वनवासी समाजाने एकतर्फी निकालच अधिक पाहिले. त्या समाजाच्या दृष्टीने या तरतुदीचे मोल एखाद्या मोठ्या योजनेहून कमी नाही.

ही तरतूद २००६ मध्ये लिहिली गेली. पण तिच्यामागचे तत्त्व न्यायशास्त्राइतकेच जुने आहे. दोन्ही बाजू ऐकल्याखेरीज निवाडा नाही, हे ते तत्त्व. न्यायालयाच्या चार भिंतींत ते सांभाळणे वकिलाला भागच असते. तेथे न्यायाधीश बसलेला असतो, प्रतिपक्षाचा वकील समोर उभा असतो. खरा प्रश्न पुढचा आहे. हाच वकील जेव्हा वृत्तपत्राच्या संचालक मंडळात बसतो, कायदेमंडळात पक्षाचे नेतृत्व करतो, विद्यापीठाचा कुलगुरू होतो, तेव्हा तो हे तत्त्व सोबत नेतो की कोर्टाच्या खुंटीवर झग्याबरोबर टांगून ठेवतो? महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर ज्यांच्या चरित्रात सापडते, ते म्हणजे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. त्या उत्तराची किंमतही त्यांच्याच चरित्रात दिसते.

एका परंपरेचे वारसदार

१३ नोव्हेंबर १८७३ रोजी जन्मलेले जयकर मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातले. आजोबा वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर हे नामांकित वकील आणि वेदान्ताचे गाढे अभ्यासक. आजोबांचे वेदान्तविषयक लेखन जयकरांनीच पुढे संपादित करून १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. कायदा आणि दर्शन या दोन्हींचे संस्कार असे एकाच घरात झाले. १९०५ मध्ये बॅरिस्टर होऊन त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

वकील, वृत्तपत्र आणि विद्यापीठ यांचे नाते महाराष्ट्राला तोपर्यंत नवे राहिले नव्हते. कायद्याची पदवी घेतलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी विभागाची धुरा वाहिली. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर ‘इंदुप्रकाश’चे संपादन करून पुढे उच्च न्यायालयात आणि विद्यापीठाच्या कुलगुरुपदी पोहोचले. लोकमान्य टिळक एलएल. बी. होते, त्यांनी वकिलीचा काळा झगा घातला नाही, परंतु ‘केसरी’च्या अग्रलेखांतून त्यांनी चालवलेला देशाचा खटला कोणत्याही बॅरिस्टरने हेवा करावा असा होता. साहित्यसम्राट न. चिं. केळकरही साताऱ्याची वकिली सोडून टिळकांच्या वृत्तपत्रांत आले होते.

जयकर याच परंपरेत ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या संचालकांपैकी एक झाले. हे पत्र सर फिरोजशहा मेहता या दुसऱ्या मोठ्या वकिलाने १९१३ मध्ये काढलेले. त्या काळी मुंबईत इंग्रजी वृत्तपत्र म्हणजे प्रामुख्याने युरोपियनांचा आवाज होता. देशाची दुसरी बाजू त्याच भाषेत, त्याच ताकदीने मांडली जावी, यासाठी ‘क्रॉनिकल’चा जन्म झाला. १९१९ च्या एप्रिलमध्ये सरकारने त्याचे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना देशातून हद्दपार केले आणि पत्रावर पूर्वतपासणीचे बंधन लादले. पंजाबातील अत्याचारांच्या वार्ता बाहेर फुटू नयेत, ही सरकारची धडपड होती. सत्तेला दुसरी बाजू नकोशी झाली की ती प्रथम छापखान्याच्या दाराशी येते, हा धडा मुंबईने त्या वर्षी घेतला.

पंजाबची साक्ष

जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर सरकारने हंटर समिती नेमली. काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घालून स्वतःची चौकशी समिती उभी केली. महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी, फजलुल हक हे तिचे सदस्य होते. पंडित मोतीलाल नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष झाल्यामुळे त्यांच्या जागी जयकर आले. समितीतील एकूण एक जण कायदेपंडित, ही बाब लक्षणीय आहे. या समितीने १७०० हून अधिक साक्षी तपासल्या आणि त्यांतील सुमारे ६५० जबान्या प्रसिद्ध केल्या. मार्च १९२० मध्ये अहवाल बाहेर आला.

देश संतापाने पेटलेला असताना एखादे जळजळीत पत्रक काढणे सोपे होते. टाळ्याही त्यालाच अधिक मिळाल्या असत्या. परंतु या मंडळींनी गावोगाव जाऊन एकेका माणसाचे म्हणणे लिहून घेतले, ते पारखले आणि मगच आरोप ठेवला. लष्करी कायद्याखाली ज्यांना बोलूच दिले गेले नव्हते, अशा शेकडो पंजाबी शेतकऱ्यांची, दुकानदारांची आणि स्त्रियांची बाजू प्रथमच कागदावर आली. आरोप जितका गंभीर, तितका पुरावा काटेकोर असावा, ही शिस्त वकिलांच्या वर्गाने स्वातंत्र्यलढ्याला दिलेली देणगी होय.

पुढे जयकर मुंबई कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे नेते झाले. १९२५ च्या सुमारास केळकर आणि डॉ. बा. शि. मुंजे यांच्यासमवेत त्यांनी ‘प्रतियोगी सहकारिते’चा मार्ग धरला. विरोधासाठी विरोध नको. जेथे लोकहित साधेल तेथे सत्तास्थान स्वीकारावे, जेथे अन्याय दिसेल तेथे झुंजावे, अशी ती भूमिका होती. पक्षशिस्तीच्या कट्टर पुरस्कर्त्यांना ती रुचली नाही. जयकरांवर डळमळीतपणाचा शिक्का तेव्हापासून बसला आणि तो अखेरपर्यंत पुसला गेला नाही.

याच काळातील एक काम मात्र वादातीत ठरले. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्षपद जयकरांकडे आले. रस्त्यांचा वाढता भार प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर चालला आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या रस्त्यांची काळजी मध्यवर्ती सरकारने वाहिली पाहिजे आणि त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्यावा, अशी शिफारस या समितीने १९२८ मध्ये केली. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस या संस्था उभ्या राहिल्या. आज डहाणू-तलासरीतून धडधडत जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग पाहणाऱ्याला, ‘राष्ट्राचा रस्ता’ ही कल्पना सरकारी व्यवहारात रुजवणारा माणूस एक मराठी बॅरिस्टर होता, हे सहसा ठाऊक नसते.

विरोध करावा, पण ऐकून

जयकरांच्या चरित्रातील सर्वांत बोलका भाग १९२८ आणि १९४६ या दोन डिसेंबर महिन्यांत दडलेला आहे.

डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत बॅरिस्टर जिना यांनी नेहरू अहवालात बदल सुचवले. मध्यवर्ती कायदेमंडळात मुसलमानांना एकतृतीयांश जागा आणि शेषाधिकार प्रांतांकडे, या त्यांतील प्रमुख मागण्या. हिंदू महासभेची बाजू जयकरांनी मांडली आणि या मागण्यांना ठाम विरोध केला. अनेकांच्या संमतीने झालेली तडजोड एका गटासाठी पुन्हा उकलली, तर तिला अंतच उरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर तेजबहादूर सप्रू हेही मोठे कायदेपंडित, पण त्यांनी त्याच व्यासपीठावर उलट सल्ला दिला; मागणी मान्य करून प्रश्न मिटवावा, असे त्यांचे मत होते. दोघांत मतभेद झाला, वैर झाले नाही. अवघ्या दीड वर्षाने, १९३० च्या पावसाळ्यात, हेच दोघे व्हाइसरॉय आणि येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजी यांच्यामध्ये खेपा घालत होते. ते बोलणे फिसकटले. तरी त्यांनी सोडले नाही, आणि मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला त्यात त्यांच्या मध्यस्थीचा वाटा होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांतही हे दोघे होते.

जयकर १९३७ मध्ये नव्या संघ न्यायालयाच्या पहिल्या तीन न्यायाधीशांपैकी एक झाले आणि १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले. मानाच्या या पायऱ्या चढून आलेला माणूस १९४६ मध्ये घटना समितीत बसला, तेव्हा त्याला नव्याने मिळवण्यासारखे काही उरले नव्हते. गमावण्यासारखे मात्र पुष्कळ होते.

१३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. १६ डिसेंबरला जयकर उभे राहिले आणि त्यांनी उपसूचना दिली: मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी अद्याप सभागृहात आलेले नाहीत, त्यांना सहभागी होता यावे म्हणून ठरावाचा निर्णय पुढे ढकलावा. सभागृहाला हे मुळीच रुचले नाही. स्वातंत्र्य दाराशी आले असताना हा म्हातारा बॅरिस्टर थांबायला का सांगतो आहे? डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जींसारख्या नेत्यानेही मूळ ठरावाचेच समर्थन केले. त्यांच्या समर्थनामागे वजनदार कारण होते. लीग येण्यास तयारच नव्हती. रुसलेल्यासाठी देशाने किती काळ ताटकळत बसायचे? १७ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. जयकरांच्या सूचनेकडे केवळ कायद्याच्या चष्म्यातून न पाहता ती शहाणपणाची आहे की नाही हे पाहावे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. अखेर ठरावावरचे मतदान लांबले आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो संमत झाला.

लीग आली नाही. देश दुभंगला. मग जयकर चुकले काय?

परिणामावरून पाहिले, तर त्यांची आशा फोल ठरली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ज्या माणसाने अठरा वर्षांपूर्वी जिनांच्या मागण्यांना भर सभेत नकार दिला होता, तोच आता जिनांच्या पक्षाची खुर्ची रिकामी असताना निकाल देऊ नका म्हणत होता, ही विसंगती वरवरची आहे. १९२८ मध्ये त्यांनी प्रतिपक्षाचे ऐकून नकार दिला; १९४६ मध्ये न ऐकता होकारही देऊ नका, असे सांगितले. मागणी मान्य करणे आणि मागणी ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकणारा दुबळा असतो, हा समज खोटा. ज्याची बाजू पक्की आहे, त्याला दुसऱ्याचे म्हणणे ऐकायला भय कशाचे? उलट प्रतिपक्षाला पूर्ण संधी देऊन दिलेला नकारच टिकाऊ असतो. कारण मागाहून ‘आम्हाला विचारलेच नाही’ अशी तक्रार करायला जागा उरत नाही. डॉ. मुखर्जींची घाई राष्ट्रहिताची होती, तशीच जयकरांची सबुरीही राष्ट्रहिताची होती. दोन देशभक्तांत असा मतभेद होऊ शकतो, एवढे मान्य करण्याची उदारता आज किती जणांत आहे?

जयकरांनी १९४७ मध्ये घटना समितीचा राजीनामा दिला. याच सुमारास फाळणीमुळे बंगालमधून निवडून आलेल्या डॉ. आंबेडकरांची जागा गेली होती. समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ३० जून १९४७ रोजी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून बाबासाहेबांना तातडीने निवडून पाठवावे, असे कळवले. जयकरांच्या राजीनाम्याने मोकळी झालेली मुंबईची जागा त्यासाठी उपयोगी पडली. ‘थांबा, ऐका’ म्हणणारा वकील ज्या आसनावरून उठला, त्या आसनावर राज्यघटनेचा शिल्पकार बसला. इतिहासाचे हे दान क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

गणेशखिंडीतील कुलगुरू

वयाची पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने यानंतर आत्मचरित्र लिहीत स्वस्थ बसावे, असेच कोणी म्हटले असते. जयकरांनी आत्मचरित्राचे दोन खंड लिहिले खरे. पण त्याआधी एक विद्यापीठ उभे केले. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे की नाही, याचा विचार करण्यासाठी सरकारने १९४२ मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या विचाराला मूर्त रूप येऊन पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ मध्ये झाला आणि पहिले कुलगुरू म्हणून जयकरांचीच नेमणूक झाली. १९५६ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. त्यांच्यानंतर रँग्लर परांजपे आले.

सुरुवात साधीच होती. विद्यापीठाचे कार्यालय भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृहात भरत होते. १९४९ मध्ये संलग्न महाविद्यालये अवघी १८ आणि विद्यार्थी आठ हजारांच्या घरात. बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने गणेशखिंडीतील गव्हर्नरचा प्रासाद आणि भोवतालचा विस्तीर्ण परिसर विद्यापीठाला मिळाला. जेथून परक्या सत्तेचे हुकूम सुटत, त्या वास्तूत अध्ययन आणि अध्यापन सुरू झाले. खेर हेही मूळचे सॉलिसिटर. ठाणे जिल्ह्यातील वनवासी बांधवांसाठी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन करणारे तेच. एका वकिलाने वाडा मिळवून दिला आणि दुसऱ्याने त्याची विद्यापीठशाळा केली.

१९५० मध्ये सुरू झालेले विद्यापीठाचे ग्रंथालय आजही जयकरांच्याच नावाने ओळखले जाते. पुतळ्यापेक्षा हे स्मारक त्यांना अधिक शोभणारे आहे. ग्रंथालय म्हणजे परस्परांना खोडून काढणारी पुस्तके एकाच छताखाली शेजारी शेजारी नांदण्याची जागा. तेथे पूर्वपक्षाला हद्दपार करून उत्तरपक्ष मांडता येत नाही. भारतीय शास्त्रकारांची पद्धती तरी निराळी कोठे होती? आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचा, मग त्याचे खंडन करायचे आणि शेवटी सिद्धान्ताकडे जायचे. वेदान्ताच्या घरात वाढलेल्या जयकरांना हे शिकायला विलायतेला जावे लागले नव्हते. १० मार्च १९५९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा एक वकील, एक वृत्तपत्र-संचालक, एक न्यायाधीश, एक कुलगुरू असे अनेक जण गेले नाहीत. एकाच शिस्तीने जगलेला एक माणूस गेला.

धागा तुटू नये

आज वकील सर्वत्र आहेत. दूरचित्रवाहिन्यांवर आहेत, पक्षांच्या प्रवक्त्यांत आहेत, विद्यापीठांच्या समित्यांवर आहेत. उणीव आहे ती ऐकण्याची. वाहिनीवरील चर्चेत प्रतिपक्षाचे वाक्य पुरे होण्याआधी आवाज चढतो. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर पडताळण्याआधी पुढे धाडला जातो. विद्यापीठात वक्त्याचे भाषण होण्याआधीच ते होऊ द्यायचे की नाही यावर रणे माजतात, आणि हा दोष कोण्या एका विचाराच्या मंडळींपुरता मर्यादित नाही. १७०० साक्षी तपासून मग आरोप ठेवणाऱ्यांचा वारसा सांगणाऱ्या देशाला ही घाई शोभत नाही.

समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्याला तर हे पथ्य सर्वांहून अधिक आवश्यक आहे. वस्तीवर जाणारा कार्यकर्ता सांगायला जातो तितकाच ऐकायलाही गेला पाहिजे. तलासरी तालुक्याने चिंतामण वनगा यांच्या रूपाने वनवासी समाजातला एक वकील देशाला दिला. १९९६, १९९९ आणि २०१४ अशा तीन वेळा त्यांनी लोकसभेत या भागाचे प्रतिनिधित्व केले. ३० जानेवारी २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या समाजाचे म्हणणे मांडायला पूर्वी कोणी नसे, त्याचाच मुलगा कायदा शिकून कायदे होतात त्या सभागृहात बसला, ही मोठीच मजल होती. परंतु एका वनगांनी भागणारे नाही. जमिनीच्या दाव्यांपासून मोठ्या प्रकल्पांच्या भूसंपादनापर्यंत पालघर जिल्ह्यातील कितीतरी प्रश्न आज सुनावणीच्या टेबलावर येतात. टेबलाच्या एका बाजूला कागदपत्रांचे गठ्ठे असतात आणि दुसऱ्या बाजूला, पुष्कळदा, फक्त एक संकोचलेला माणूस.

त्या माणसाला आरडाओरडा करणारा कैवारी नको आहे. त्याचे नीट ऐकून घेणारा, कागद वाचणारा, समोरच्या अधिकाऱ्याचेही म्हणणे समजून घेणारा आणि मग ठामपणे उभा राहणारा जाणता माणूस हवा आहे. सरावलीतल्या एखाद्या घरात आज कोणी मुलगा वा मुलगी कायद्याची पुस्तके उघडून बसली असेल, तर तिच्या घरच्यांनी आणि गावच्या कार्यकर्त्यांनी तिला एवढेच सांगावे: खटला जिंकणे हे वकिलीचे फळ असेल, पण दुसरी बाजू ऐकणे हे तिचे मूळ आहे. मूळ शाबूत राहिले, तर वृत्तपत्रात, विद्यापीठात, सभागृहात, कोठेही ते झाड लावावे. ते सावलीच देईल.